आणखी एक मागणी

१० मार्च २०२२ रोजी गोवा विधानसभेचा निकाल जाहीर झाला आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे निवडणूक याचिकेची, म्हणजे विजयी उमेदवाराच्या निवडीला आव्हान देणाऱ्या याचिकेची, ४५ दिवसांची मुदत सुरू झाली. तिचा शेवटचा दिवस २४ एप्रिल, म्हणजे रविवार होता. न्यायालय बंद असल्यामुळे सोमवारी दाखल केले तरी चालेल, असे मी जनरल क्लॉजेस ॲक्टच्या, म्हणजे सर्व कायद्यांना लागू पडणारे सामान्य नियम देणाऱ्या कायद्याच्या, आधारे सुचवले. सरांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठ वकिलांनी, ते ऐकून घेतले आणि शुक्रवारच ठरवला. मुदत कायद्यातील विलंबमाफीची सोय निवडणूक याचिकेला मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमदेव नारायण यादव प्रकरणातील निकालापासून पक्के आहे.

गुरुवारी संध्याकाळी आमचे अशील, म्हणजे पराभूत उमेदवार, पेडण्याहून आले, मसुदा वाचला आणि म्हणाले, "वकीलबाब, त्याची निवड रद्द झाली, तरी माझे काय? मलाच विजयी जाहीर करा, असेही मागा की."

मागणी एका वाक्याची होती, पण तिने सगळी मांडणी बदलली. केवळ निवड रद्द करण्याची मागणी असती तर विजयी उमेदवार एकटा प्रतिवादी पुरला असता. स्वतःला विजयी जाहीर करून हवे असेल, तर कलम ८२ प्रमाणे लढतीतील उरलेले सर्व उमेदवार प्रतिवादी करावे लागतात. त्यांतला एक जरी राहिला, तर कलम ८६ खाली याचिका फेटाळण्यावाचून न्यायालयाला पर्याय नसतो. उमेदवार सहा होते, म्हणजे आता प्रतिवादी पाच आणि प्रतीही पाच, प्रत्येकीवर खरी प्रत असल्याची अशिलाची स्वतःची सही. वकिलाची सही इथे कामाची नसते. पानापानावर सही हा मात्र कायद्याचा नव्हे, सरांचा दंडक. भ्रष्ट आचरणाचा आरोप नसल्याने त्या आरोपासाठी लागणारे नमुना २५ चे प्रतिज्ञापत्र टळले, एवढेच सुख. मध्यरात्र उलटेपर्यंत अशील सह्या करत होते आणि सही हळूहळू आखूड होत चालली होती.

शुक्रवारी पर्वरीला उच्च न्यायालयात, अनामतीचे २,००० रुपये भरले जात असताना, मी प्रती पुन्हा एकदा ताडून पाहिल्या. चौथ्या प्रतीत एका परिशिष्टाचे पानच नव्हते. झेरॉक्स यंत्राने दोन कागद एकदम ओढले असावेत. रात्री मीच ती प्रत तपासली होती. धावत जाऊन पान काढून आणले, अशिलांनी त्यावर सही केली आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने याचिका सादर केली. कर्मचाऱ्याने संच मोजून २२ एप्रिलचा शिक्का मारला.

बाहेर आल्यावर अशील बोटे चोळत म्हणाले, "उमेदवारी अर्जालासुद्धा एवढ्या सह्या लागल्या नव्हत्या."