आंबोलीच्या धुक्यात काचेवरचा बाण

गाडीच्या पुढच्या काचेवर माहिती दाखवणाऱ्या हेडअप डिस्प्लेची चाचणी पुण्याच्या चांगल्या रस्त्यावर घेतली की सगळं सुरेख दिसतं. वेगाचा आकडा, पुढच्या वळणाचा बाण, धोक्याची सूचना, सगळं बॉनेटच्या टोकाशी, डोळ्यांपासून साधारण अडीच मीटरवर तरंगताना दिसतं. मान खाली घालून मीटर बघावा लागत नाही. चाळिशीनंतर जवळून दूर, दुरून जवळ अशी नजर पटकन बदलणं डोळ्यांना जड जातं, म्हणून वयस्कर चालकांसाठी ही सोय मला फार मोलाची वाटते. पण ती भर पावसात, घाटात उपयोगी पडणार नसेल तर कोकणातल्या माणसाला तिचा काय फायदा? म्हणून जुलैमध्ये आम्ही गाडी सावंतवाडीला नेली. स्टिअरिंगवर एक काका होते. वय सत्तरीकडे झुकलेलं, डोळ्यांवर बायफोकल चष्मा, आणि उभी हयात आंबोली घाटात ट्रक चालवण्यात गेलेली.

मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. काचेवरची प्रतिमा शेजारच्याला दिसत नाही. चालकाचे डोळे एका ठरावीक जागेत असले तरच ती दिसते. ही जागा साधारण १३ सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर उंच, म्हणजे पोस्टकार्डापेक्षाही लहान. त्यामुळे काकांची नजर कुठे आहे, हे मी डॅशबोर्डवरच्या कॅमेऱ्यातून बघत होते.

दाणोलीपर्यंत सगळं ठीक होतं. घाट लागला, पाऊस वाढला आणि काका पुढे सरकले. छाती स्टिअरिंगला टेकलेली, हनुवटी वर. इकडे मुसळधार पावसात बरेच जण असेच बसतात. त्याबरोबर आकडा अर्धा कापला गेला. शिवाय हनुवटी वर झाल्यामुळे जे दिसत होतं ते चष्म्याच्या खालच्या, वाचायच्या भागातून, म्हणजे पुसट. काका मान वरखाली करून आकडा शोधू लागले. ज्या डिस्प्लेने मान हलवण्याचा त्रास वाचवायचा, त्याच्यासाठीच मान हलत होती!

वर धुकं लागलं. पांढऱ्या उजेडामुळे सेन्सरने प्रतिमा आणखी प्रखर केली. धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर बाण लुकलुकू लागला आणि कॅमेऱ्यात काकांची नजर त्यावरच खिळलेली दिसली. नेमकी त्याच जागी, बाणाच्या मागे, रस्त्यात उभी राहून फोटो काढणारी दोन पोरं होती. वेग ताशी ३० असेल, पण तेवढ्या वेगातही गाडी सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. काकांनी करकचून ब्रेक दाबला. पोरं पळाली.

थोडं पुढे गाडी कडेला घेऊन काकांनी खांद्यावरचा नॅपकिन काढला, नीट चौघडी केली आणि डॅशबोर्डवरच्या प्रोजेक्टरच्या खाचेवर ठेवली.

"बाय, वळान खंय आसा ता माका सांगूक नको. वळणावर कोण उबो आसा ता सांग."

पुढचा सगळा घाट त्यांनी तसाच चढला, आणि कॅमेऱ्यातली नजर पार बदलली: कठडा, आरसा, वळणाचं पलीकडचं टोक, पुन्हा कठडा. एका जागी ठरत नव्हती. १९८० साली नासाच्या सिम्युलेटर अभ्यासात अशाच डिस्प्लेवर नजर ठेवून विमान उतरवणाऱ्या काही वैमानिकांना धावपट्टीवर आडवं आलेलं दुसरं विमान दिसलंच नव्हतं. समोर डोळे असणं आणि समोरचं दिसणं यात किती अंतर असतं, ते मी त्या दिवशी शेजारी बसून पाहिलं.

काकांचं ते वाक्य मी अहवालात पहिल्या पानावर घातलं. वायपर पूर्ण वेगात आहे, फॉग लॅम्प लागलाय, स्टिअरिंग बरंच वळलंय, हे गाडीला आधीच कळत असतं. मग त्या क्षणी काचेवर मंद आकड्याशिवाय काहीही नको. बाण वळणाआधी दिसावा आणि वळणात शिरताच जावा. लुकलुकणं फक्त टक्कर होण्याच्या सूचनेला, बाकी कशालाच नाही. यावर टीममध्ये दुमत झालं नाही. वाद चालू आहे तो प्रतिमा दिसण्याची जागा वाढवण्यावर. त्यासाठी डिस्प्लेच्या आतला आरसा मोठा लागतो आणि डॅशबोर्डखाली तेवढी जागा नाही, असं इंजिनिअर म्हणतात. माझं म्हणणं, आधी माणूस पावसात कसा बसतो ते मोजा, मग जागेचं बोलू. पुढच्या महिन्यात काका पुण्याला येणार आहेत. सीट त्यांना हवी तशी लावून होईपर्यंत प्रोजेक्टरचा कोन कुणीही ठरवायचा नाही, एवढं मी मान्य करून घेतलंय.