पॅड काट्यावर ठेवतो तेव्हा

आमचा कोल्हापूरच्या गुजरीतला सराफी धंदा आजोबांपासूनचा. त्यामुळे मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी "लघवी किती गळते?" विचारलं तेव्हा "बऱ्यापैकी" म्हणायला जीभ वळेना. घरी आलो, जुना इलेक्ट्रॉनिक काटा काढला आणि वापरलेले पॅड पिशवीत बांधून तोलायला लागलो. कोरड्या पॅडचं वजन वजा केलं की राहिलेला एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. बायको म्हणाली, "सोन्याच्या काट्यावर हे काय आरंभलंय?" हा काटा पुन्हा दुकानात जाणार नाही असा शब्द दिल्यावर गप्प बसली.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, रोबोटने ऑपरेशन करून अख्खी ग्रंथी काढली. या ऑपरेशनबद्दल पुरुष एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून मी लिहितोय. आणि त्यातही अंगच्या वजनाबद्दल.

माझी उंची पाच फूट पाच इंच, तेव्हाचं वजन ९१ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३३च्या वर. आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठ धरतात, त्यामुळे वादाला जागाच नव्हती. सर्जनपेक्षा भूलतज्ज्ञ बाई जास्त काळजीत होत्या. रोबोटच्या ऑपरेशनला डोकं खाली, पाय वर असं तिरकं झोपवतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. सगळी ढेरी छातीकडे सरकते आणि फुप्फुसांना फुगायला जागा कमी पडते. त्यात जाड माणसाला पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची भीती जास्त. म्हणून ते घट्ट मोजे आणि पोटात टोचायची इंजेक्शनं. आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. लठ्ठ माणसाच्या अंगात रक्त जास्त असतं, त्यामुळे पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका घ्यायला रक्तात तपासतात ते प्रथिन, पातळ होऊन रिपोर्टात कमी दिसू शकतं. आकडा बरा दिसला म्हणून खूश होणाऱ्या ढेरपोट्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावं.

आता गळतीचं. लघवी धरून ठेवायला एक बंदोबस्त मूत्राशयाच्या तोंडाशी असतो आणि एक प्रोस्टेटच्या खाली. ऑपरेशनमध्ये वरच्याचं बरंच काही जातं, सगळा भार खालच्या स्नायूवर येतो. ऑपरेशननंतरची लघवीची नळी काढल्यावर त्या बिचाऱ्याला एकट्याने काम शिकायचं असतं, आणि वरून पोट सतत मूत्राशयावर दाबत असतं. झोपलो की मी कोरडा. खुर्चीतून उठलो, शिंकलो, पंगतीतून मांडी सोडून उभा राहिलो, की गेलंच.

माझ्या सर्जननी ऑपरेशनच्या तारखेआधीच सांगितलं होतं, "वजन उतरेल तेव्हा उतरेल, तुम्ही आधी चालायला लागा." त्यामागचं कारण नंतर मुलीने वाचून दाखवलं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डॉक्टरांचा २०१० सालचा अभ्यास आहे. ऑपरेशननंतर ५८ आठवड्यांनी त्यांनी पाहिलं: लठ्ठ आणि बैठ्या माणसांपैकी ५९ टक्क्यांची लघवी गळत होती. लठ्ठ पण आधीपासून व्यायाम करणाऱ्यांत २५ टक्के. लठ्ठ नसलेल्या पण बैठ्यांत २४. लठ्ठ नसलेले आणि व्यायाम करणारे, १६. मधले दोन आकडे परत वाचा. ढेरी असूनही हलणारा माणूस आणि बसून राहणारा बिनढेरीचा माणूस जवळजवळ एकाच पायरीवर! एका अभ्यासावर सगळं तोलू नये हे कबूल, पण मला त्याने धीर दिला. ढेरी महिन्याभरात जात नाही, रंकाळ्याला मात्र उद्या सकाळीच जाता येतं.

अडचण केली ती नातेवाइकांनी. "किती खराब झालात हो!" म्हणत जो तो डबा घेऊन हजर. पांढरा रस्सा, पायाचं सूप, डिंकाचे लाडू. डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात, मी प्रोस्टेट काढून आलोय, हे मावशींना कोण सांगणार?

सुरुवातीला चोवीस तासांचे पॅड मिळून चारशे ग्रॅमच्या आसपास भरायचे. आता वीस-तीस. वजन ८२ वर आलंय, म्हणजे बीएमआय तीसच्या नखभर वरच. ही घट वजनामुळे, चालण्यामुळे, ओटीपोटाच्या व्यायामामुळे, की नुसते महिने गेल्यामुळे, हे माझा काटा सांगू शकत नाही. बहुतेकांची गळती हळूहळू आपोआपही कमी होते. व्यायामाचं एक सांगतो. लघवी मध्येच थांबवतो तसं आवळायचं, पण श्वास रोखायचा नाही आणि पोटही आवळायचं नाही. मी पोट आवळतोय हे फिजिओथेरपिस्टने बेंबीपाशी हात ठेवून लगेच पकडलं होतं.

तर ज्यांना भेटायला यायचंय त्यांनी खुशाल या. रस्सा आणणारच असाल तर वरचा तवंग काढून आणा, आणि पायात चालायचे बूट घाला. मी सकाळी घरात सापडत नाही.