सोलापूर-पुणे-सोलापूर : ओवीच्या ऑपरेशनचे एकोणीस दिवस

परतीचं तिकीट आधी काढून ठेवू नका. सगळ्यात आधी हे सांगते, कारण आमची पहिली चूक तीच. 27 नोव्हेंबरला ओवीच्या हृदयाचं ऑपरेशन, आठवडाभरात डिस्चार्ज, असा हिशोब मांडून आम्ही 5 डिसेंबरचं तिकीट काढलं. प्रत्यक्षात सोलापूर दिसलं 12 तारखेला.

ओवी चार वर्षांची, वजन 12 किलो. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तो बराच वेळ काढलाच नाही. मग सोलापुरातच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, म्हणजे व्हीएसडी. लहान छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, हिचं बुजण्यातलं नव्हतं. दर पावसाळ्यात न्यूमोनिया का होतो आणि पोरगी अंगाला का लागत नाही, ते त्या दिवशी कळलं. तोवर सगळे म्हणायचे, आईवर गेलीय.

अंगणवाडीच्या पथकाने संदर्भपत्र दिलं असेल तर ते जपून ठेवा. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून झालं. 2012 साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला सोलापूर जिल्हा होता. आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं कवच आहे. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढलेलं हवं. आमच्या कार्डावर नव्हतं, आठ दिवस त्यात गेले. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल गाठा. मंजुरी आल्याशिवाय तारीख मिळत नाही. शंका असली तर 155388 वर फोन करता येतो.

दातांची तपासणी सोलापुरातच उरकून घ्या. किडलेल्या दातातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात म्हणून ती करायला लावतात. आणि निघायच्या आधी पंधरा दिवस पोराला लग्नकार्यात नेऊ नका. आमची पहिली तारीख नुसत्या सर्दीने पुढे गेली.

जाताना हुतात्मा एक्स्प्रेस. सकाळी सुटते, दुपारच्या आत पुणं. हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत 75 टक्के सवलत असते, एसी चेअर कारलाही. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट खिडकीवरूनच काढावं लागतं. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं तेव्हा ओवीने विचारलं, "आई, हा आपल्या तलावापेक्षा मोठा आहे?" कंबर तलावाशिवाय तिने दुसरं पाणी पाहिलंय कुठे!

रक्तदाते चार लागतील म्हणाले. पुण्यात आपलं कोण, असं वाटून मी रडवेली झाले होते. पण सोलापूरची निम्मी पोरं पुण्यातच नोकरीला. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला आणि संध्याकाळपर्यंत सहा जण दारात. चौथ्यानंतरच्या दोघांना चहा पाजून परत पाठवलं.

ऑपरेशनचे साडेचार तास मी लिहीत नाही. त्या वेळात तिचं हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवलं आणि छिद्रावर ठिगळ लावलं, एवढंच.

आयसीयूत दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं सोडायचे. पहिल्यांदा बघाल तेव्हा पाय लटपटतील, म्हणून आधीच सांगते. तोंडात व्हेंटिलेटरची नळी, मानेत सुई, पोटाच्या वरच्या अंगाला छातीतलं पाणी काढणाऱ्या दोन जाड नळ्या, लघवीची नळी, चेहरा सुजलेला. दुसऱ्या दिवशी तोंडातली नळी निघाली तेव्हा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा घोगरा झाला होता. तो चार दिवसांत सुटतो, घाबरू नका. ती पाणी मागत होती आणि पाणी मिळत होतं मोजून, सिरिंजने. हृदयावर ताण नको म्हणून पोटात जाणारं आणि लघवीवाटे बाहेर पडणारं सगळं कागदावर लिहितात. तुमचा हात बाटलीकडे जाईल. जाऊ देऊ नका. ओला कापूस ओठांवर फिरवायची परवानगी असते, तेवढंच करा.

तिथलीच एक गोष्ट. सिस्टर म्हणाल्या, "रात्रभर अव्वा अव्वा करत होती. आम्ही म्हटलं आजी हवीय, आजी येईल हां." अव्वा म्हणजे आमची कानडी शेजारीण, जिच्या मांडीवर ओवी वाढली. आणि तिला अव्वा नकोच होती, अव्वाने शिवून दिलेली गोधडी हवी होती. तिचं नावही तिने अव्वाच ठेवलंय! आपल्याकडे घरात मराठी, शेजारी कानडी, समोर तेलुगू, पोरं तिन्हीची भेळ बोलतात. तेव्हा पाणी, शू, दुखतंय, भीती वाटते यांना तुमचं पोर काय म्हणतं ते एका कागदावर लिहून सिस्टरांकडे द्या. मी तिसऱ्या दिवशी दिला. पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता.

वॉर्डात आलो आणि मी मोठी चूक केली. तिने हात पुढे केले, मी काखेत हात घालून उचललं. ती किंचाळली आणि सिस्टर धावत आल्या. छातीचं मधलं हाड कापून तारेने बांधलेलं असतं, काखेत धरलं की दोन्ही बाजूंनी ताण बसतो. एक हात ढुंगणाखाली, एक मानेमागे पाठीला, आणि तान्ह्या बाळासारखं खालून उचलायचं. आठ आठवडे. दंडाला धरून ओढायचं नाही, पालथं झोपवायचं नाही. आजोबा, मामा, शेजारी, सगळ्यांना उशी हातात देऊन शिकवा. नुसतं सांगून कळत नाही, आमच्या ह्यांना तीनदा दाखवावं लागलं.

खोकताना छातीशी घट्ट धरायला काहीतरी लागतं. आम्ही सोलापुरी टॉवेल गुंडाळून दिला. जाड, मऊ, धुऊन लगेच वापरता येतो. शेजारच्या खाटेवरच्या परभणीच्या बाईंनी तसलाच मागितला. येताना चार जास्तीचे आणा. फुप्फुसं फुलावीत म्हणून फुंकायचं यंत्र देतात, ते पोरं फुंकत नाहीत. दहा रुपयांचे साबणाचे फुगे फुंकतात. वॉर्डभर फुगे उडत होते, फिजिओवाल्या मॅडम खूश.

मुक्काम लांबला तो नळीतून पाणी येत राहिल्यामुळे. ते कमी झाल्याशिवाय नळ्या काढत नाहीत. मग पुन्हा इको, मग 8 तारखेला डिस्चार्ज. पण चार दिवसांनी दाखवायला या म्हणाले, म्हणून जवळच खोली घेऊन राहिलो. तेवढे पैसे आधीच वेगळे ठेवा. घरी जायचं एका वेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं योजनेच्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं. डिस्चार्जच्या वेळी आरोग्यमित्राला विचारा, आपण होऊन कुणी सांगत नाही.

परत यायला दीर गाडी घेऊन आला. रस्ता चांगला आहे, पण पाटस, भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ करत येताना प्रत्येक गतिरोधकाला ती टॉवेल आवळून "आऽई" म्हणायची आणि दिराचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये टॉवेल ठेवला होता. दर दीड तासाने थांबलो. साडेसहा तास लागले. पुन्हा वेळ आली तर मी रेल्वेने येईन. फक्त गर्दीच्या वाराला नाही, आणि स्टेशनवर व्हीलचेअर मागून घेईन.

घरी आल्यावर खरी कसोटी माणसांची. पहिल्या संध्याकाळी अकरा जण आले, त्यातले दोन शिंकत. दुसऱ्या दिवशी दाराला कागद लावला : पंधरा दिवस भेटायला येऊ नये. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. जखमेवर हळद लावायची नाही यावरून आणखी एक दिवस. जखम कोरडी ठेवायची, तेल नाही, हळद नाही, अंग पुसून काढायचं. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. साठवलेलं पाणी झाकून ठेवा, तिला पुसायचं उकळून गार केलेलं वेगळ्या कळशीत. शेंगाचटणी, पापड, लोणचं बंद. मीठ कमी सांगितलं होतं. पोरगी बिनचटणीची कडक भाकरी चघळत माझ्याकडे असं बघायची, जणू ऑपरेशन मीच केलंय. लघवी होण्याचं औषध दिवसाच द्या, रात्री दिलंत तर गादी ओली. तसंही तिने महिनाभर गादी ओली केलीच, झोपेत दचकायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं.

ताप 100.4 च्या वर गेला, जखम लाल झाली किंवा पाणी सुटलं, धाप लागली, पोर मलूल होऊन उलट्या करू लागलं, तर वाट न बघता ऑपरेशन झालेल्या ठिकाणी फोन करा आणि जवळच्या दवाखान्यात जा. हृदयाभोवती पाणी साठणं घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही होऊ शकतं. रक्त चढवलेलं असलं तर गोवरासारखी काही लस पुढे ढकलतात, अंगणवाडीताईंना डिस्चार्जचा कागद दाखवा. पहिले सहा महिने दातांचं काही करायचं झालं तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा आली. दरवर्षी ओवी बाबांच्या खांद्यावर बसून नंदीध्वजांच्या उंच काठ्या बघते. 13 तारखेला, 68 लिंगांच्या तैलाभिषेकासाठी मिरवणूक निघते तेव्हा, आम्ही उत्तर कसब्यातल्या मावससासूबाईंच्या माडीवर गेलो. गर्दी नको, धूळ नको. नंदीध्वज गल्लीच्या तोंडाशी आले, "हर्र बोला हर्र" सुरू झालं, तशी ती कठड्यापाशी धावली. तिला दिसेना. बाबांकडे वळून दोन्ही हात वर केले. ह्यांनी न बोलता वाकून एक हात खाली, एक पाठीला घातला आणि आडवी उचलली.

"अशी नाही," ती म्हणाली, "नंदी तिरका दिसतोय."