मुलाच्या डोक्यातील गजकर्ण: निदान आणि उपचार

माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढ्या जागेतील केस विरळ झाले, तेव्हा सासूबाईंनी ‘चाई पडली’ असे सांगून टाकले. त्वचारोगतज्ज्ञांना मात्र ते पटले नाही. चाईत, म्हणजे चकतीसारखे केस गळण्याच्या आजारात, त्वचा बहुधा गुळगुळीत राहते. इथे कोंडा होता, केस मुळाशी तुटून काळे ठिपके उरले होते आणि मानेच्या मागच्या बाजूला गाठी आल्या होत्या. त्यामुळे त्यांना गजकर्णाचा, म्हणजे बुरशीच्या संसर्गाचा संशय आला.

अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प या अतिनील किरणांच्या दिव्याखाली डोके पाहिले, तेव्हा काहीच चमकले नाही. पण तेवढ्यावरून बुरशी नाही असे ठरत नाही, कारण मायक्रोस्पोरम या बुरशीच्या काही जाती त्या प्रकाशात हिरवट चमकतात, तर भारतात नेहमी आढळणारी ट्रायकोफायटॉन व्हायोलेशियम चमकत नाही. म्हणून तुटक्या केसांचे खुंट चिमट्याने उपटून आणि थोडा कोंडा खरवडून नमुना घेतला गेला. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ केलेल्या केसांच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे बीजाणू दिसले. कल्चरला, म्हणजे नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखायला, काही आठवडे लागतात, त्यामुळे त्याची वाट न पाहता औषध सुरू झाले.

औषधाच्या दुकानात स्टिरॉइड मिसळलेले मलम आपणहून पुढे केले गेले होते, ते मी घेतले नाही. नुसते मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही आणि स्टिरॉइडने लाली दबली तरी बुरशी वाढतच राहते. डॉक्टरांनी वजनानुसार ग्रिसिओफुल्विन ही बुरशीविरोधी गोळी दिली. हे औषध १९३९ मध्ये पेनिसिलियम या बुरशीपासूनच वेगळे केले गेले, याची मला गंमत वाटली. ते स्निग्ध आहाराबरोबर चांगले शोषले जाते, म्हणून वरणभातावर तूप वाढूनच गोळी देत असू. नव्याने वाढणाऱ्या केसात औषध उतरते, पण जुना बाधित केस निघून जाईपर्यंत थांबावे लागते; त्यामुळे उपचार साधारण सहा ते आठ आठवडे चालतात आणि मध्येच गोळी बंद करणे महागात पडते.

बीजाणू पसरू नयेत म्हणून आठवड्यातून दोनदा किटोकोनाझोल हा बुरशीनाशक शाम्पू होता, कंगवे आणि टॉवेल वेगळे केले, धाकटीचेही डोके तपासून घेतले. डोके भादरण्याची गरज नव्हती आणि उपचार सुरू झाल्यावर शाळेतही पाठवता आले.

कल्चरमध्ये व्हायोलेशियमच निघाली. तिच्यावर टर्बिनाफिन हे दुसरे बुरशीविरोधी औषधही चालते, परंतु तोवर सुधारणा दिसत असल्याने औषध बदलले नाही. पुढचा नमुना बुरशीमुक्त आल्यावरच गोळी थांबली. पू धरून सूज आली असती तर व्रण राहून तिथे कायमचे टक्कल पडू शकले असते. तसे झाले नाही आणि केस पुन्हा पूर्ण आले.