तोफगोळ्याला येणारा घाम

समुद्रकाठच्या एका लहानशा स्थानिक इतिहास संग्रहालयातील धातूच्या वस्तू तपासण्यासाठी मी गेले, तेव्हा तेथील वयोवृद्ध काळजीवाहकांनी मला आधी एका तोफगोळ्यापाशी नेले. “मॅडम, याला रोज घाम येतो. मी पुसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा आहेच,” असे ते काकुळतीने म्हणाले. गोळ्यावर खरोखरच नारिंगी थेंब साचले होते.

हा घाम म्हणजे समुद्राच्या पाण्यातून लोखंडात मुरलेल्या क्लोराइडची, म्हणजे मिठातल्या एका घटकाची, करणी. ते हवेतला ओलावा ओढून घेते, थेंब आम्लधर्मी होतात आणि त्यांच्याखाली गंज वाढत राहतो. त्यातून हे ओतीव लोखंड. समुद्रतळाशी दीर्घकाळ पडून राहिले की त्यातले लोह झिजत जाते आणि उरलेला ग्राफाइटचा ठिसूळ सांगाडा मूळ आकार तेवढा धरून ठेवतो. मासेमारीच्या जाळ्यात सापडलेला हा गोळा ओला न ठेवता तसाच वाळवला गेला होता. पुढे ओल्या फडक्याने रोज पुसणे आणि समुद्राकडच्या उघड्या खिडक्या यांनी नुकसानीत भर घातली. हे त्यांना सांगताना मला फार जड गेले, कारण त्यांनी जे केले ते मायेपोटीच केले होते.

ते काही न बोलता आत गेले आणि एक पेटी घेऊन आले. गोळ्यावरून गळून पडलेली प्रत्येक खपली त्यांनी कागदी पाकिटात घालून वर तारीख लिहून ठेवली होती. माझ्या दृष्टीने हा त्या संग्रहालयातील सर्वांत मौल्यवान ठेवा होता, कारण गोळ्याचा मूळ पृष्ठभाग आता त्या खपल्यांतच शिल्लक होता. शिवाय दमट महिन्यांत पाकिटे दाट आणि कोरड्या महिन्यांत विरळ होती, म्हणजे हानीचा वेग त्यांनी नकळत नोंदवला होता.

तातडीचा उपाय म्हणून आम्ही गोळा ओलावा शोषणाऱ्या कोरड्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवला, कारण अशा लोखंडाभोवतीची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांखाली राखावी लागते. खरा उपचार प्रयोगशाळेतच होणार होता: सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गोळा बुडवून, द्रावण पुनःपुन्हा बदलत, क्लोराइड निघणे जवळजवळ थांबेपर्यंत वाट पाहायची. त्याला कित्येक महिने, कधी वर्षेही लागतात. प्रत्येक वेळी द्रावणात मोजलेला क्लोराइडचा आकडा मला कळवाल का, असे त्यांनी विचारले. मी तसे कबूल केले, तेव्हा त्यांनी नोंदवहीत त्यासाठी एक नवे पान आखून घेतले.