अर्ध्या किलोच्या चकत्या

गेल्या बुधवारी जिममध्ये २९ किलोचा रॉड डोक्याच्या वर गेला. पाच-पाचचे तीन सेट, आणि शेवटच्या सेटचा पाचवासुद्धा कोपर पूर्ण सरळ होईपर्यंत. घरी येऊन वहीत आकडा लिहिला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मी ४४ वर्षांची आहे, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, डिस्पॅचचं काम बघते. दिवसभर कास्टिंगं काट्यावर चढवायची, वजन लिहायचं, चलन करायचं. वजनाशी माझा संबंध तिथला आणि सिलिंडरचा, एवढाच होता.

वडगावात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, खाली माग आहेत. सिलिंडर देणारा पोरगा ते खालीच ठेवून जातो. चार वर्षांपूर्वी भर पावसात मी ते उचलायला गेले, दोन पायऱ्या चढले आणि तिसरीवर टेकवून थांबले. वर जाईना, खाली सोडवेना. शेवटी मागावरच्या माणसाला हाक मारली. तो येईपर्यंत सिलिंडर पोटाशी धरून उभी होते, तेव्हा त्याच्यावर छापलेले आकडे वाचले. रिकामं वजन १५.३, गॅस १४.२. मिळून साडेएकोणतीस किलो. आमच्याकडे यापेक्षा जड कास्टिंगं मी रोज लिहिते, आणि हे मला एक मजला चढवता येत नाही, याचा खूप राग आला.

त्याच महिन्यात जिममध्ये नाव घातलं. आईनं विचारलं, "ह्या वयात लोखंड उचलून काय करुलालीस गे?" मी म्हटलं, सिलिंडर. ती काही बोलली नाही. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तालमीत जाणारे. जोर, बैठका, मुद्गल, नाल, सगळं. ती लहानपणी तालमीच्या दारापर्यंत त्यांचा डबा घेऊन जायची आणि दारातूनच परत यायची, आत मुलींना सोडत नसत. हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

पाय आणि पाठ लवकर तयार झाली. डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा रॉड हातात उचलून सरळ उभं राहणं, वर्षभरात ८० वर गेली. सुरुवातीला ताकद भराभर वाढते, त्यात स्नायू वाढण्यापेक्षा नसांचं शिकणं जास्त असतं. असलेले स्नायू एका वेळी जास्त संख्येनं कामाला लावायला शरीर शिकतं. तो भर ओसरला की पुढचं काम सावकाशीचं.

ओव्हरहेड प्रेस मात्र २५ वर अडकली, ती पाच महिने. रॉड गळपट्टीच्या हाडाशी धरायचा, पोट आणि नितंब घट्ट करायचे, मान जरा मागे, रॉड नाकासमोरून सरळ वर, आणि तो कपाळाच्या वर गेला की डोकं पुन्हा पुढे. पाय वाकवायचे नाहीत. सगळा भार खांद्यांच्या आणि दंडांच्या लहान स्नायूंवर. बायकांची कमरेखालची ताकद पुरुषांच्या बरीच जवळ जाते, खांद्यांत अंतर मोठं राहतं. २५ चे पाच-पाचचे तीन सेट मला निघत होते, ३० चा एकही निघत नव्हता.

मग एका संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. आमच्या जिममधली सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना घातली की पाच वाढले. ८० च्या डेडलिफ्टवर पाच म्हणजे सव्वासहा टक्के. २५ च्या प्रेसवर पाच म्हणजे वीस टक्के. कुठल्याही कामगाराला उद्यापासून वीस टक्के काम जास्त कर म्हणून बघा. मी पाच महिने स्वतःला कमी समजत होते, आणि अडचण प्लेटांच्या मांडणीत होती. ट्रेनरला विचारलं तर तो म्हणाला, लेडीज लोकांसाठी डंबेल आहेत की. डंबेल आहेत, दोन किलोचे, गुलाबी. मला ते नको होते. मला रॉडवर एक किलो जास्त हवं होतं.

दुसऱ्या दिवशी टर्नर मामांकडे गेले. मामा म्हणजे आमच्या मशिनशॉपमधले सर्वांत जुने, लेथवर तीस वर्षांच्या वर झालेले. मी भीत भीत विचारलं, अर्ध्या किलोची चकती निघेल का, मधे भोक असलेली. "किती पाहिजे सांग की. शंभर ग्रॅमची बी काढून देतो." रॉडचं टोक ५० मिलिमीटरचं असतं, म्हणून भोक ५१. बाहेरचा व्यास त्यांनी १०० धरला. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता ७.२, खडूनं लेथच्या कव्हरवर गुणाकार केला आणि म्हणाले, जाडी बारा. मालकांना विचारून रिजेक्शनमधलं एक ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, पडलेलं कास्टिंग घेतलं. चांगल्या बाजूनं चार चकत्या बारा मिलिमीटरच्या आणि दोन चोवीसच्या निघाल्या, म्हणजे अर्ध्या किलोच्या चार आणि एक किलोच्या दोन. काट्यावर ठेवल्या तेव्हा अर्ध्या किलोची एकही पाच ग्रॅमच्या पलीकडे चुकली नव्हती. मामांनी कडा मोडून दिल्या, बोट कापू नये म्हणून.

काटा हाताशी होताच, तर ट्रेनरला विचारून जिमच्या प्लेटाही स्कूटरवरून, तिसऱ्या रेल्वे गेटावरून, आणून तोलल्या. वीस छापलेली एक १८.९ भरली, दुसरी १९.६. म्हणजे महिनोन्‌महिने माझी एक बाजू पाऊण किलो जड होती आणि मला वाटायचं माझा डावा खांदा कमजोर आहे. अडीचच्या सहांपैकी दोनच खऱ्या निघाल्या. त्यांच्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. रॉड मात्र पुरा वीस किलो भरला, तो जिममधल्याच वजनकाट्यावर हातात धरून उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं.

त्यानंतर २६, २७, २८. प्रत्येक आकड्यावर तीन-चार आठवडे. २७ ला एकदा अडकले. पावसाळ्यात माझी झोप नीट होत नव्हती, तेव्हा एक किलो खाली येऊन पुन्हा चढले. खाण्यात अंडी वाढवली, भाकरीबरोबर शेंगाचटणी होतीच, आई आठवड्यातून दोनदा हुलग्याचं माडगं करते. याहून वेगळं काही केलेलं नाही.

वजनाच्या या लहान टप्प्यांबद्दल आता मी जिथे तिथे वाचते. २००० साली सिडनीत बायकांचं वेटलिफ्टिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं. ६९ किलो गटात आपल्या कर्णम मल्लेश्वरीनं दोन प्रकारांत ११० आणि १३०, एकूण २४० उचललं. सोनं आणि रौप्य, दोन्ही २४२.५ वर गेली. शेवटच्या वेळी तिनं १३७.५ मागितलं आणि ते निसटलं. तेव्हा टप्पा अडीच किलोचा असे. २००५ पासून तो एक किलोचा झाला. आणि २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या शेजारच्या सांगलीचा संकेत सरगर, वडिलांची पानटपरी असलेला पोरगा, ५५ किलो गटात २४८ वर थांबला. मलेशियाचा खेळाडू २४९ वर. कोपर दुखावलं असतानाही तो शेवटच्या प्रयत्नाला पुन्हा आला होता. जुन्या नियमात २४९ हा आकडा बसलाच नसता. ती स्पर्धा मी घरी बघितली होती आणि एका किलोसाठी रडले होते. तेव्हा एक किलो म्हणजे काय हे मला कळत नव्हतं.

बैलहोंगल-गोकाककडच्या जत्रांत संग्राणी कल्लू, म्हणजे जड दगड, उचलायच्या शर्यती लागतात. आमच्या फेटलिंगमधला, म्हणजे कास्टिंगं घासून साफ करतात तिथला, एक हेल्पर त्या बाजूचा, त्याच्या घरात दगड उचलणारे आहेत. मला त्या खेळाचा आदर आहे, पण दगड उचलला किंवा नाही उचलला, एवढंच असतं. त्याच्यात अर्धा किलो घालता येत नाही. हा हेल्पर मी चकत्या पिशवीत भरताना बघतो आणि दर वेळी म्हणतो, "हगूर, अक्का, हगूर." सावकाश.

जिममध्ये आता दोन मुली माझ्या चकत्या मागून नेतात. एकीचा बेंच प्रेस, म्हणजे बाकावर आडवं पडून रॉड वर ढकलणं, तीन महिने हलला नव्हता, तो हललाय. तिसरी एक काकी आहेत, साठीच्या, त्या रिकाम्या रॉडवर आहेत, म्हणून मामांकडे आणखी एक जोड सांगितली, सहा मिलिमीटरची. आज दुपारी त्यांनी दोन्ही काट्यावर ठेवल्या. एक २५१ ग्रॅम, एक २५२. काकींना सोमवारी देईन. त्याआधी, उद्या, त्या मला एकदा लागणार आहेत. एका बाजूला ठिपक्याची अडीच, एक, दोन अर्ध्या आणि ही पाव. दुसऱ्या बाजूलाही तेवढंच. साडेएकोणतीस.