जखम दिसत असूनही न वळणारे मॅक्रोफेज

फळमाशीच्या जिवंत भ्रूणाला लेसरने बारीक जखम करायची आणि तिथे मॅक्रोफेज, म्हणजे मृत पेशी आणि जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशी, कशा जमतात त्याचं चित्रण करायचं, हे ब्रिस्टलला आल्यावर माझं पीएच.डी.चं पहिलं काम होतं.

तयारी किचकट असते. सफरचंदाच्या रसाच्या आगर प्लेटवर यीस्टची पेस्ट लावली की माश्या रात्रभर अंडी घालतात. सकाळी ती ब्लीचमध्ये एक-दोन मिनिटं ठेवली की बाहेरचं कवच विरघळतं. मग हवं त्या वयाचं भ्रूण निवडायचं. मला पंधराव्या टप्प्यातलं लागायचं, म्हणजे २५ अंशांना साधारण १२ ते १३ तासांचं. ते पोटाची बाजू वर करून बसवायचं आणि वर तेलाचा थेंब सोडायचा, म्हणजे भ्रूण सुकत नाही आणि त्याला ऑक्सिजनही मिळतो. हे सगळं हाताच्या सवयीने जमतं.

खरी परीक्षा पुढे होती. लेसर मारला की जखमेभोवतीच्या पेशींत कॅल्शियमची लाट उठते, ड्युऑक्स नावाचं विकर कामाला लागतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि चमकते हिरवे मॅक्रोफेज तिकडे सरकू लागतात. सगळे मात्र सरकत नाहीत. अगदी जखमेलगतचा एखादा जागचा हलत नाही. सुरुवातीला मला वाटायचं, लेसरने त्यालाच इजा झाली. मग लॅबमधल्या सीनियर ताईने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "त्याच्या पोटातली काळी भोकं बघ." ती भोकं म्हणजे त्याने गिळलेल्या मृत पेशी.

भ्रूण घडताना असंख्य पेशी ठरल्यासारख्या मरतात आणि त्या उचलणं हे मॅक्रोफेजचंच काम. पॉल मार्टिन आणि विल वुड यांच्या गटांनी २०१० साली हेच तपासलं होतं: मृत पेशी उचलण्यात गुंतलेला मॅक्रोफेज जखमेकडे सहज वळत नाही. त्याहून लहान भ्रूणात, पीव्हीएफ या वाढघटकाच्या मागे डोक्याकडून शरीरभर पसरणारे मॅक्रोफेजही जखम झाली तरी आपली वाट सोडत नाहीत. दोन्ही प्रवासांची यंत्रणाही वेगळी आहे. जखमेकडे जायला पीआय३ किनेज हे विकर लागतं, त्या विकासातल्या प्रवासाला लागत नाही, हे वुड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच दाखवलं होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते २०१६ चं काम. ज्या भ्रूणांत पेशी मरतच नाहीत, तिथले मॅक्रोफेज जखमेला नीट प्रतिसाद देत नाहीत. एक तरी मृत पेशी गिळली की आत कॅल्शियम वाढतं, जेएनके हा पेशीतला संकेतमार्ग चालू होतो, ड्रेपर हे बाहेरचे संकेत ओळखणारं ग्राही प्रथिन वाढतं आणि मॅक्रोफेज पुढच्या जखमेसाठी तयार होतो. म्हणजे ज्या मृत पेशी त्याला अडकवतात, त्याच त्याला जखमेसाठी घडवतात! हे वाचून मी माझं जुनं सगळं चित्रण पुन्हा पाहायला बसले.

आता लेसरला हात लावण्याआधी मी दृश्यातल्या प्रत्येक मॅक्रोफेजमधली भोकं मोजते आणि भ्रूणाचा टप्पा वहीत लिहिते. नव्याने येणाऱ्यांनाही हेच सांगते, की या दोन नोंदींशिवाय दोन भ्रूणांची तुलना करू नका.